मोडून जगणारी पेशी

बेल्जियममधलं लुवेन गाव, १९४९ चा हिवाळा. तुमच्या हातात जाड काचेची एक नळी आहे. ती बर्फात बुडवलेली असल्यामुळे तुमची बोटं बधिर झाली आहेत. नळीत उंदराच्या यकृताचे तुकडे साखरेच्या पाण्यात तरंगताहेत. वरून एक दांडा गरगर फिरत खाली उतरतो आणि तुम्ही नळी सावकाश वरखाली करता. जोर लावायचा नाही, असं तुम्हाला बजावलेलं आहे. पेशी फुटली पाहिजे, पण तिच्या पोटातलं सामान शाबूत राहिलं पाहिजे.

या गावानं दोन महायुद्धांत आपल्या विद्यापीठाचं ग्रंथालय दोनदा जळताना पाहिलं आहे. प्रयोगशाळेचे प्रमुख क्रिस्तियान द दुव अवघे बत्तीस वर्षांचे आहेत. इन्सुलिन यकृतावर नेमकं काय करतं, हे त्यांना शोधायचं आहे. त्यासाठी ते एका विकराच्या मागे लागले आहेत आणि तुलनेपुरतं दुसरं एक साधंसं विकर, ॲसिड फॉस्फटेज, सोबत मोजताहेत. त्यात कुणालाच फारसा रस नाही. तुम्ही आकडा वहीत मांडता आणि थबकता. यकृत नुसत्या पाण्यात जोरानं घुसळलं की जेवढं विकर सापडतं, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा तुमच्या नमुन्यात आहे.

मोजताना चुकलं असेल, असं तुम्हाला वाटतं आणि बाकीच्यांनाही तेच वाटतं. नमुना शीतकपाटात जातो. पाच दिवसांनी तोच नमुना पुन्हा मोजला जातो, तेव्हा हरवलेलं विकर परत आलेलं असतं.

पहिला आकडा खोडून दुसरा ठेवणं किती सोपं होतं! दुसरा आकडा अपेक्षेत बसणारा होता आणि इन्सुलिनचं काम खोळंबलं होतं. द दुव यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी इन्सुलिनच बाजूला ठेवलं. पुढे जे जे घडलं त्याचं मूळ मला या निर्णयात दिसतं. एका किरकोळ विसंगतीपायी चालू काम सोडून द्यायला धैर्य लागतं.

मग तुम्हीही त्यांच्याबरोबर त्याच कामाला जुंपले जाता. यकृत हळू घुसळायचं, जोरानं घुसळायचं, गोठवून वितळवायचं. दर वेळी एकच गोष्ट दिसते. हे विकर पेशीत बारीक बंद पिशव्यांमध्ये राहतं. हळुवार हातानं घुसळलं की पिशव्या फुटत नाहीत आणि आतलं विकर बाहेरच्या रसायनापर्यंत पोचतच नाही. शीतकपाटात पडून पडून पिशव्या झिरपल्या, एवढंच झालं होतं. त्या पिशव्यांमध्ये आणखीही विकरं निघतात. सगळी मोडतोड करणारी आणि सगळी आंबट द्रवातच काम करणारी. १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळालं. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांना लयकारिका म्हणतात. त्यांत साठेक प्रकारची विकरं असतात, हे आज माहीत आहे. प्रथिनं, मेद, साखरेच्या साखळ्या, आरएनए, काहीही आलं तरी ते सुटं करणारं कुणीतरी आत हजर असतं.

एवढी जहाल द्रव्यं पेशी स्वतःच्या पोटात कशासाठी बाळगत असेल? बाहेरून आत घेतलेलं पचवायला, हे एक उत्तर लवकर मिळालं. दुसरं उत्तर ऐकायला तुम्हाला लंडनला जावं लागेल.

फेब्रुवारी १९६३. नाताळाच्या वेळी पडू लागलेला बर्फ अजून हटलेला नाही, टेम्सचा वरचा भाग गोठला आहे. पोर्टलंड प्लेसवरच्या सीबा फाउंडेशनच्या इमारतीत तुम्ही ओला कोट काढता आणि मागच्या खुर्चीत बसता. लायसोसोमवरची परिषद चालू आहे. गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून विचित्र छायाचित्रं येऊ लागली आहेत. पेशीच्या आत एक पिशवी आहे आणि तिच्यात त्याच पेशीची एक तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया, अर्धवट विरघळलेली. पेशीला ऊर्जा पुरवणारा हा अवयव शत्रू नव्हे, बाहेरचाही नव्हे. पेशीनं आपलाच तुकडा गिळला आहे. द दुव या घडामोडीला ऑटोफॅजी म्हणतात. मराठीत स्वभक्षण म्हणता येईल. नाव रुळतं, पण काम पुढे सरकत नाही. कोणती जनुकं हे घडवून आणतात, ती बंद पाडली तर काय होतं, हे विचारायला साधनच नाही. पुढची पंचवीस वर्षं हा विषय मोजक्या लोकांच्या हातात राहतो.

बाहेर पडलात की त्या थंड हवेत एक खोल श्वास घ्या, कारण ही हवा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वर्षानुवर्षं उघड्यावर अणुचाचण्या केल्यामुळे वातावरणातला कार्बन-१४ पुष्कळ वाढला आहे. याच सुमारास तो जवळजवळ दुप्पट होऊन कळस गाठतो. याच वर्षी मॉस्कोत उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार होतो आणि मग कार्बन-१४ हळूहळू उतरू लागतो. हवेतून झाडांत, झाडांतून अन्नात, अन्नातून जन्माला येणाऱ्या मुलांत हा कार्बन गेला. पेशी विभागताना डीएनए नव्यानं बनतो, त्यामुळे त्या वर्षाचा कार्बन डीएनएमध्ये कायमचा बसतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये ही खूण उलटी वापरली. मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या पेशींचा कार्बन तपासून त्यांनी पेशींची जन्मसालं काढली. मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थरातल्या चेतापेशी त्या माणसाच्याच वयाच्या निघाल्या. जन्मानंतर तिथे नव्या चेतापेशींची भर पडलेली दिसली नाही.

तुमचा जन्म त्या सुमाराचा असेल तर लंडनच्या या श्वासातला कार्बन तुमच्या मेंदूत आजही आहे. डीएनएपुरता. बाकीची पेशी तेव्हाची नाही. मेंदूतली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडून पुन्हा घडवली जातात. कातडीच्या पेशी झडतात, आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलतात, आणि विभागणारी प्रत्येक पेशी आपला गाळ दोन लेकींत वाटून हलकी होते. चेतापेशीला यातलं काहीच करता येत नाही. तिला सत्तर, ऐंशी, नव्वद वर्षं त्याच जागी, त्याच जोडण्या सांभाळत राहायचं असतं. तिच्यापुढे एकच मार्ग उरतो. आपलं अंग रोज थोडं मोडायचं आणि त्याच मालातून पुन्हा उभं करायचं.

हे ती कसं करते, ते कळायला वाट यीस्टमधून गेली.

टोकियो विद्यापीठाचा कोमाबा परिसर, १९८८. योशिनोरी ओसुमी त्रेचाळीस वर्षांचे आहेत आणि स्वतंत्र प्रयोगशाळा त्यांना नुकतीच मिळाली आहे. लहानशी खोली, बाकावर एक साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक. जगभरचे लोक पेशीत प्रथिनं कशी बनतात याच्या मागे धावत असताना हे गृहस्थ यीस्टच्या रिक्तिकेकडे पाहत बसतात. रिक्तिका म्हणजे यीस्टच्या पोटातली मोठी पाणीदार पोकळी. तिच्यात लायसोसोमसारखीच मोडणारी विकरं असतात आणि पेशीचा उकिरडा एवढीच तिची ख्याती आहे. उपासमार झाली की यीस्ट स्वतःची प्रथिनं मोडतं, हे ठाऊक होतं. मोडायचा माल रिक्तिकेत पोचतो कसा, हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

पाहणार तरी कसं? आत गेलेली वस्तू क्षणात विरघळते. ओसुमींनी यावर काढलेली युक्ती ऐकून तुम्हाला वाटेल, ही आपल्यालाही सुचली असती. मोडणारी विकरंच नसलेलं यीस्ट त्यांनी घेतलं. तिथे माल आत जाईल, पण मोडणार नाही. साचेल, आणि साचला की दिसेल.

तुम्ही ते यीस्ट पोसणाऱ्या द्रावणातून काढता आणि नत्र नसलेल्या द्रावणात सोडता. मग वाट पाहता. तासाभरानं थेंब काचपट्टीवर ठेवून डोळा लावता. गोल पेशी, तिच्यात फिकट गोल रिक्तिका, आणि त्या फिकट पोकळीत दोनचार बारीक गोळे. ते स्थिर नाहीत. थरथरतात, एकमेकांना धडकतात, बाजूला होतात. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी ते सतत नाचताहेत. आणखी तासभर थांबा. संख्या वाढली. तीन तासांनी रिक्तिका या गोळ्यांनी जवळजवळ गच्च भरलेली आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या साध्या भिंगातून दिसावी याचा मला अजून हर्ष होतो. ओसुमी त्या काळात तासन्‌तास सूक्ष्मदर्शकापाशी बसत, यात नवल ते काय!

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांचं अंतरंग उघडलं. व्यास ४०० ते ९०० नॅनोमीटर, भोवती अतिशय पातळ पटल. आत पेशीचाच ऐवज: रायबोसोम, तंतुकणिका, मेदाचे आणि ग्लायकोजेनचे कण. पेशी आपल्या पेशीद्रव्याचे घास बांधून रिक्तिकेत टाकत होती. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि आता, द दुव यांच्या हाती जे नव्हतं ते ओसुमींच्या हाती होतं. यीस्टच्या जनुकांत बिघाड घडवायचा, आणि कोणत्या पेशींना असे घास बांधता येत नाहीत ते शोधायचं. १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी अशी पंधरा जनुकं पुढे ठेवली. ती बिघडली की यीस्ट उपासमारीत लवकर मरतं. पुढच्या काही वर्षांत कळलं की यांतल्या बहुतेकांची भावंडं उंदरांत आहेत, माणसांत आहेत, आणि हे वाचणाऱ्या तुमच्या चेतापेशींतही आहेत.

इथपर्यंतची गोष्ट भुकेची आहे. यीस्टला अन्न मिळेना, म्हणून ते स्वतःला खाऊ लागलं. चेतापेशीची गोष्ट इथून निराळी होते, आणि मला तुम्हाला नेमकी तीच दाखवायची आहे.

२००४, पुन्हा जपान. नोबोरू मिझुशिमा यांनी असा उंदीर तयार केला आहे, ज्याच्या पेशींत घास बांधणारं एक प्रथिन हिरवं चमकतं. जिथे ऑटोफॅजी चालू, तिथे हिरवे ठिपके. तुम्ही या उंदराला चोवीस तास उपाशी ठेवता आणि मग त्याच्या अवयवांचे काप अंधाऱ्या खोलीत भिंगाखाली सरकवता. स्नायूंत ठिपक्यांची गर्दी. यकृतात, हृदयातही. मग मेंदूचा काप येतो. तुम्ही भिंग पुढेमागे करता, दुसरा काप लावता. उपासानं ठिपके वाढल्याचं काही दिसत नाही. शरीर स्वतः झिजतं, पण मेंदूला उपाशी ठेवत नाही. आधी साखर देतं, मग यकृतात बनलेली कीटोन द्रव्यं देतं.

मग मेंदूला ऑटोफॅजीची गरजच नसेल का? दोन वर्षांनी, जून २००६ मध्ये, ‘नेचर’च्या एकाच अंकात टोकियोतल्या दोन गटांचे निबंध शेजारी शेजारी आले. एका गटानं ऑटोफॅजीला लागणारं एटीजी-५ हे जनुक काढलं होतं, दुसऱ्यानं एटीजी-७, आणि तेही फक्त मज्जासंस्थेपुरतं. हे उंदीर भरपेट खात होते. त्यांच्यात पार्किन्सन्सचं, अल्झायमरचं, हंटिंग्टनचं कुठलंही दोषी जनुक घातलेलं नव्हतं. एकच गोष्ट काढून घेतली होती, ती म्हणजे रोजची मोडणी.

पिंजऱ्यापाशी उभे राहा. पिल्लं जन्मतात तेव्हा इतरांसारखीच दिसतात. काही आठवड्यांनी एक जण चालताना झुकू लागतो. शेपटीला धरून उचललं की निरोगी उंदीर मागचे पाय फाकवतो. हा उंदीर मात्र पाय पोटाशी आवळून घेतो. फिरत्या दांड्यावर ठेवला तर तोल जातो. दिवसागणिक वाढतच जातं. एटीजी-७ नसलेले उंदीर २८ आठवड्यांच्या आत मेले. मेंदूच्या कापांत चेतापेशी कमी झालेल्या आहेत. उरलेल्यांच्या पोटात गाठी आहेत. मोडण्यासाठी खूण केलेली प्रथिनं तिथे साचून साचून घट्ट झाली आहेत.

त्या गाठी पाहताना मला फार वाईट वाटतं, कारण माणसांच्या मेंदूंत अशाच साचलेल्या गाठी आपण शंभर वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहोत. प्रथिन वाईट असेल तर गाठ होते, हे कळण्यासारखं आहे. इथे प्रथिनं चांगली होती. नुसती वेळेवर मोडली गेली नाहीत. माणसांत ही यंत्रणा जन्मतः अधू असल्याची उदाहरणंही पुढे सापडली. २०२१ मध्ये पाच कुटुंबांतल्या बारा जणांत एटीजी-७ मधला दोष नोंदवला गेला. वाढ मंद, तोल अस्थिर, हालचालींत गोंधळ.

आता मोडणी प्रत्यक्ष पाहायला तुम्हाला फार लहान व्हावं लागेल. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१२ मध्ये सँड्रा मॅडे आणि एरिका होल्झबाऊर यांच्या गटानं उंदराच्या संवेदी चेतापेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यातल्या हिरव्या ठिपक्यांचं चित्रण केलं. ते मनात ठेवून तुम्ही स्वतःच्याच पायाच्या अंगठ्यात उतरा. इथे एका चेतातंतूचं टोक आहे. त्याच्या पेशीचं मुख्य शरीर, जिथे केंद्रक आहे, ते तुमच्या कमरेच्या कण्यालगतच्या गाठीत, जवळजवळ मीटरभर दूर. लायसोसोम मुख्यतः तिकडे. मोडायला आलेला माल इकडे.

तुम्ही टोकाशी आहात. जीर्ण झालेली एक तंतुकणिका समोर अडखळते आहे. धडधाकट तंतुकणिका पिंक-१ नावाचं प्रथिन आत ओढून तोडून टाकत असते. हिला ते जमत नाही, म्हणून ते तिच्या पृष्ठभागावर साचतं. ते साचलं की पार्किन नावाचं प्रथिन येतं आणि तिच्या अंगावर ‘ही मोडा’ अशा खुणा चिकटवत सुटतं. जवळच्या आंतर्द्रव्यजालिकेपाशी एक पातळ दुहेरी पटल उगवू लागतं. आधी बशी, मग वाटी. उकडीच्या मोदकाची पारी सारणाभोवती वर वर येत तोंडाशी मिटावी तसं ते तंतुकणिकेभोवती मिटतं. काही मिनिटांत घास तयार. तुम्हीही आत अडकला आहात.

थोडा वेळ पिशवी मागेपुढे रेंगाळते. मग तिला ओढ लागते आणि ती सूक्ष्मनलिकांच्या वाटेनं निघते. ओढणारं प्रथिन डायनीन. ते एकाच दिशेला चालतं, टोकाकडून पेशीच्या शरीराकडे. वेग सेकंदाला साधारण अर्धा मायक्रॉन. बशीतल्या पेशींचा हा वेग तुमच्या पायात धरला तर दिवसाला चार सेंटिमीटरांहून थोडं जास्त, आणि अंगठ्यापासून कमरेपर्यंत जवळपास तेवीस दिवस. घोटा मागे पडायलाच कित्येक दिवस लागतील. वाटेत लायसोसोमच्या जातीच्या पिशव्या येऊन तुमच्या पिशवीत मिसळतात. भोवतालचा द्रव आंबट होऊ लागतो. पटलावरचे पंप ऊर्जा खर्च करून आम्ल आत लोटताहेत. बाहेर सामू सातच्या किंचित वर, आत पाचाच्या खाली. म्हणजे शेकडो पट आम्ल. या आंबटपणातच विकरं जागी होतात. पिशवी फुटून ती बाहेर सांडली तरी तिथे त्यांचा जोर उरत नाही. लुवेनला तुम्ही वहीत मांडलेल्या आकड्यामागे अशाच बंद पिशव्या होत्या.

कमरेच्या जवळ पोचता पोचता तंतुकणिका ओळखू येत नाही. प्रथिनांच्या साखळ्या तुटून अमिनो आम्लं सुटी झाली आहेत. ती पटलातल्या दारांतून बाहेर जातात आणि कदाचित याच आठवड्यात तुमच्याच एखाद्या नव्या प्रथिनात जोडली जातात. थोडंसं उरतं. कुठल्याच विकराला न मोडता येणारा पिवळट तपकिरी गाळ. त्याला लिपोफसिन म्हणतात. म्हाताऱ्या चेतापेशींत तो भिंगाखाली स्पष्ट दिसतो.

या प्रवासात कुठेही खोळंबा होऊ शकतो आणि खोळंब्याची जागा बदलली की आजार बदलतो. पार्किन हे जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं ते तरुणपणीच पार्किन्सन्स झालेल्या कुटुंबांत. त्याचं काम काय, याचा धागा दहा वर्षांनी अमेरिकेत बेथेस्डाला रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत लागला. तिथे पार्किन बिघडलेल्या तंतुकणिकांवर धाव घेताना दिसलं. ज्या प्रथिनातल्या दोषानं हंटिंग्टन आजार होतो, तेच प्रथिन निरोगी असताना या पिशव्यांच्या वाहतुकीला हातभार लावतं. अल्झायमरच्या मेंदूंत राल्फ निक्सन यांच्या गटाला २००५ मध्ये चेतातंतूंचे फुगलेले भाग सापडले. त्यांत अर्धवट पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या होत्या. घास बांधले गेले होते, निघालेही होते, वाटेत संपवले गेले नव्हते. म्हणूनच ‘ऑटोफॅजी वाढवा की मेंदू बरा’ हे सूत्र मला कच्चं वाटतं. शेवटचं टोक तुंबलेलं असताना सुरुवातीला आणखी माल भरण्यात कसला फायदा?

औषधाची आशा खोटी मात्र नाही. केंब्रिजमध्ये डेव्हिड रुबिन्स्टाइन आणि ब्रिंदा रविकुमार यांनी २००४ मध्ये हंटिंग्टनसारखा दोष घातलेल्या माश्यांत आणि उंदरांत रॅपामायसिनच्या जातीची औषधं वापरून ऑटोफॅजीला चालना दिली. विषारी प्रथिनाचा त्रास कमी झाला. रॅपामायसिनची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं, आणि ज्यांच्या चिकाटीनं ते टिकलं ते सुरेंद्रनाथ सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून काम थांबवलं, तेव्हा त्यांनी जिवाणूंचा साठा घरच्या शीतकपाटात जपला. आज मूत्रपिंडाचं रोपण झालेल्या रुग्णांना ते औषध मिळतं, कारण ते रोगप्रतिकारशक्ती दाबतं. आणि चेतापेशींसाठी ते वर्षानुवर्षं देण्यात तीच अडचण आहे. फक्त ऑटोफॅजी वाढवून मेंदूचे हे आजार बरे करणारं मान्यताप्राप्त औषध हे लिहिताना उपलब्ध नाही.

शेवटचा मुक्काम तुमच्याच घरात. ३ ऑक्टोबर २०१६ ला ओसुमींना एकट्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. लगेच आपल्याकडे निरोप फिरू लागले की जपानी शास्त्रज्ञानं उपवासावर नोबेल मिळवलं, आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं, एकादशी करा आणि मेंदूचे आजार टाळा. एकादशीच्या आसपास असा निरोप तुम्हालाही आला असेल. ओसुमींचं ते काम यीस्टवरचं होतं. माणसांच्या उपवासावर त्यांनी काही सिद्ध केलेलं नाही. उपासानं मेंदूत ऑटोफॅजी वाढते का, यावर उंदरांतलेही निष्कर्ष जुळत नाहीत. २००४ मध्ये वाढ दिसली नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाला एकदोन दिवसांच्या उपासानंतर ती दिसली. उंदराला दोन दिवस उपाशी ठेवणं आणि माणसानं साबुदाण्याची खिचडी खाऊन एकादशी करणं यांची तुलना होऊ शकत नाही.

श्रद्धेनं उपवास करणाऱ्याला मी कधीच अडवणार नाही. माझी विनंती ज्यांच्या घरात पार्किन्सन्सचा रुग्ण आहे त्यांना आहे. लेव्होडोपाच्या गोळ्यांच्या वेळा जेवणाशी बांधलेल्या असतात, कारण आहारातली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून आत जाण्यासाठी एकाच वाटेवर गर्दी करतात. उपासासाठी त्या वेळा स्वतःहून पुढेमागे करू नका आणि गोळ्या एकाएकी बंद तर अजिबात करू नका. अचानक बंद केल्यानं तीव्र ताप येऊ शकतो, शरीर आखडू शकतं, शुद्ध हरपू शकते, जीवही जाऊ शकतो. उपवास करायचाच असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.